जुगाराच्या व्यसनावर उपचार घेऊन परतलेल्या पतीच्या हाती पगार द्यावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे पती सहकारी साखर कारखान्यात कायम नोकरीत आहेत आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मोबाइलवरच्या रमीपासून सुरू झालेला त्यांचा नाद पुढे क्रिकेटच्या सट्ट्यापर्यंत गेला. सारे उघडकीस आले तेव्हा कारखान्याच्या पगारदार पतसंस्थेचे कर्ज, ॲपवरून घेतलेली लहान लहान कर्जे, माझ्या नकळत तारण ठेवलेले दागिने, मित्रांचे हातउसने पैसे आणि तालुक्याच्या गावातील एका खासगी सावकाराचे देणे, एवढे सगळे एकाच वेळी आमच्यासमोर उभे राहिले. त्यानंतर ते स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेण्यास तयार झाले आणि आता घरी परत आले आहेत. ते कामावर नियमित जातात, मुलांशी बोलतात, रात्री शांत झोपतात. माझा त्यांच्यावर राग आहे, तरीही हे सारे पाहून मला खरोखर बरे वाटते.

मात्र घरात आता वेगळाच पेच निर्माण झाला आहे. केंद्रातून निघताना त्यांचा पगार काही काळ मी सांभाळावा असे ठरले होते. माझ्या सासूबाईंना ते मान्य नाही. कमावत्या पुरुषाने चहाच्या पैशांसाठी बायकोपुढे हात पसरावा हा अपमान आहे, आणि अशा अपमानानेच माणूस पुन्हा बिघडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पती उघडपणे काही बोलत नाहीत, पण गेल्या आठवड्यात त्यांनी आपले एटीएम कार्ड परत मागितले. शिवाय कर्ज लवकर फिटावे म्हणून शेअर बाजारातील ऑप्शन्सचे, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावर पैसे लावण्याचे, व्यवहार शिकण्याचा त्यांचा विचार आहे. हा जुगार नसून अभ्यासाचा विषय आहे, असे ते सांगतात. सासरची थोडी जमीन विकून सर्व देणी एकदाची मिटवावीत असाही एक प्रस्ताव घरात आहे. पगार माझ्याकडे ठेवणे योग्य आहे का, आणि असल्यास किती काळ, याविषयी अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पहाटवारा

ताई, मी स्वतः या वाटेने गेलेलो आहे. तरुणपणी मटक्याचा आकडा लावत असे, नंतर फोन आला आणि रमी आली. उपचार घेतल्याला आता बरीच वर्षे झाली आहेत, म्हणून आपल्या पतींच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पैसे हाती नसणे हा अपमान आहे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. माझ्यापुरते सांगायचे तर पगाराचा दिवस हा महिन्यातील सर्वांत धोक्याचा दिवस होता. खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश आला की छातीत धडधड सुरू होई आणि डोक्यात हिशेब मांडला जाई, की यातले एवढेच लावायचे, मागचे गेलेले काढायचे आणि थांबायचे. उपचारांनंतरही ती धडधड लगेच गेली नाही. ज्या महिन्यापासून पगार परस्पर दुसऱ्या खात्यात वळता होऊ लागला, त्या महिन्यापासून पगाराचा दिवस मला इतर दिवसांसारखा वाटू लागला. त्या व्यवस्थेने माझ्याकडून काही हिरावून घेतले असे मला कधी वाटले नाही. दररोज स्वतःशी लढण्याचे ओझे मात्र तिने उतरवले.

परंतु हे घडले याचे एक कारण असे, की ती व्यवस्था मी स्वतः मागितली होती. आपल्या घरी हे केंद्रात ठरले असे आपण लिहिता. ते पतींनी मनापासून मागितले होते की समुपदेशकांनी सुचवले म्हणून त्यांनी मान डोलावली होती, हे शांतपणे विचारून पाहा. मान डोलावून मिळालेली संमती फार दिवस टिकत नाही. दुसरे म्हणजे, चहाच्या पैशांसाठी रोज हात पसरावा लागू नये ही सासूबाईंची अपेक्षा रास्त आहे. आठवड्याची ठरावीक रक्कम ठरलेल्या दिवशी न मागता त्यांच्या हाती पडली पाहिजे, आणि तिच्यातील किरकोळ खर्चाचा जाब विचारला जाऊ नये. माझ्या घरी पत्नी रोज रात्री खिसे तपासत असे, तेव्हा मी पैसे लपवण्याच्या नव्या जागा शोधण्यातच बुद्धी खर्च करत असे. रक्कम ठरली, तपासणी थांबली आणि लपवालपवीही थांबली.

ऑप्शन्सविषयी मात्र मी अतिशय स्पष्टपणे सांगतो, ते होऊ देऊ नका. कर्ज लवकर फेडायचे आहे हा विचार ऐकायला जबाबदारीचा वाटतो, पण ‘गेलेले काढायचे’ हाच जुना विचार त्यात दडलेला आहे. माझ्यासोबत उपचार घेतलेल्यांपैकी काही जण पत्त्यांकडे परत गेले नाहीत, ते याच दाराने आत गेले.

समुपदेशन_नाशिक

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. वरील अनुभवाला थोडी शास्त्रीय जोड देते.

जुगाराचे व्यसन हा स्वभावदोष नसून आजार आहे, ही भूमिका आता वैद्यकशास्त्रात पक्की झालेली आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी बसवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही व्यसनी वर्तनाच्या विकारांमध्ये त्याची नोंद आहे. तरीही दारू आणि जुगार यांत एक मोठा फरक आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या फरकात आहे. दारू प्यायलेल्या माणसाच्या तोंडाला वास येतो, पाय लडखडतात, रक्ताची तपासणी करता येते. जुगाराचा कोणताही माग शरीरावर उमटत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून, मुलाचा अभ्यास घेता घेता माणूस पगार हरू शकतो. त्यामुळे कुटुंबाने विश्वास कशावर ठेवायचा हा प्रश्न उरतो, आणि पैशाचा उघडा हिशेब हाच त्यावरचा एकमेव व्यवहार्य आधार ठरतो. तो पतीवर लादलेला पहारा आहे असे समजू नये. आपण खरे बोलत आहोत हे सिद्ध करण्याचे दुसरे साधनच त्यांच्यापाशी नसते. ज्या घरी खात्यांचा तपशील दोघे मिळून महिन्यातून एकदा पाहतात, त्या घरी मधले दिवस बरेच मोकळे जातात, असे माझे निरीक्षण आहे.

किती काळ, याला एकच आकडा देता येणार नाही. पहिले वर्ष सर्वांत नाजूक असते असे मी मानते, कारण वर्षभरातील प्रत्येक मोहाचा प्रसंग त्यात एकदा तरी येऊन जातो. आपल्याकडे गोकुळाष्टमीच्या रात्री पत्ते मांडण्याची पद्धत अनेक गावांत आहे. मग गावची जत्रा येते, दिवाळीचा बोनस येतो, आयपीएलचे दोन महिने येतात. कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यावर कामाचा ताण उतरतो आणि हाती मोकळा वेळ उरतो, तो काळही सांभाळण्याचा आहे. या प्रसंगांची यादी पतींनी स्वतः करावी आणि प्रत्येक वेळी संध्याकाळ कोठे व कोणासोबत काढायची ते आधीच ठरवून ठेवावे. खेळण्याची उबळ अनावर वाटली तरी ती वर चढून बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तेवढा वेळ फोन दुसऱ्याच्या हाती देऊन चालायला जाणे किंवा ठरलेल्या माणसाशी बोलणे अनेकांना पुरते. ते प्रसंग सुखरूप पार पडले की व्यवहार टप्प्याटप्प्याने त्यांच्याकडे परत द्यावेत. आधी किराण्याची रक्कम, मग वीजबिल व शाळेचे शुल्क, शेवटी पगाराचे खाते. परत देण्याचे टप्पे आजच कागदावर लिहून ठेवले, तर ही व्यवस्था जन्मभराची नाही हे त्यांनाही दिसेल आणि सासूबाईंनाही.

एखादा पाय घसरलाच, तर पुढचे २४ तास महत्त्वाचे असतात. शंभर रुपये हरल्याने संसार बुडत नाही. ते शंभर परत मिळवण्यासाठी आणि हरल्याचे लपवण्यासाठी जे केले जाते त्याने बुडतो. म्हणून लगेच सांगितल्यास भांडण होणार नाही, हे वचन आपण त्यांना आधी द्यावे, आणि ते पाळणे कितीही कठीण गेले तरी पाळावे.

ऑप्शन्सविषयी ‘पहाटवारा’ यांनी लिहिले ते योग्यच आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मला त्याच अभ्यासातील दुसरी बाब अधिक बोलकी वाटते, ती अशी की लागोपाठ तोटा सोसूनही तीन चतुर्थांशांहून अधिक तोट्यातील लोक व्यवहार करतच राहिले. निकाल मिनिटांत लागणे, थोडक्यात हुकल्याची जाणीव होणे आणि पुन्हा लावण्याची मुभा असणे ही तिन्ही लक्षणे रमीत आणि ऑप्शन्समध्ये सारखी आहेत. सामान्य माणसाने बाजारात काय करावे हा वेगळा विषय आहे, पण आपल्या पतींसाठी हे दार बंद असावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपले असे खेळ थांबवले. त्या कायद्याचा रोख खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला शिक्षा करण्यावर नाही; त्यामुळे आपले पती मदत मागण्यास कचरत असतील तर ही भीती मनातून काढावी. परंतु सट्ट्याचा ‘आयडी’ देणारे बुकी आणि परदेशातून चालणारी संकेतस्थळे अजून आहेत, म्हणून कायदा झाला एवढ्यावर निर्धास्त राहू नका. जुने बुकी आणि जुने गट यांचे क्रमांक फोनमधून पुसणे, शक्य असल्यास सिमकार्डच बदलणे, हे कायद्याहून अधिक उपयोगी पडते.

एक गोष्ट शेवटी लिहिते आहे, पण ती सर्वांत निकडीची आहे. कर्जाच्या ताणाखाली असलेल्या अशा रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याचा धोका मोठा असतो, आणि उपचारांनंतर डोके ताळ्यावर आल्यावर नुकसानीचा खरा आकडा दिसू लागतो तेव्हाही तो असतो. त्यांना थेट आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. तसे काही आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे त्वरित न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. खिन्नता किंवा दारूही सोबत असेल तर त्यावर स्वतंत्र उपचार लागतात, ते अर्धवट सोडू नयेत.

निवृत्त_बँक_अधिकारी

मी केवळ व्यवहाराचे बोलतो, कारण त्याच बाजूची मला माहिती आहे.

पगाराचे खाते पतींच्या नावावरच राहू द्या. बँकेत स्थायी सूचना देऊन पगार जमा होताच ठरलेली रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात जाईल अशी सोय करा. ते संयुक्त खाते ‘दोघांच्या सहीने’ या पद्धतीने उघडावे. अशा खात्यावर सहसा यूपीआय आणि एटीएम कार्ड मिळत नाही, आणि येथे ती गैरसोयच आपल्या उपयोगाची आहे. रोजच्या खर्चासाठी ‘यूपीआय सर्कल’ ही सोय पाहावी. तीत आपल्या खात्यातून पती स्वतःच्या फोनवरून पैसे देऊ शकतात आणि मर्यादा आपण ठरवता. पूर्ण मुभा दिली तरी ती महिन्याला १५,००० रुपयांच्या पुढे जात नाही. दुकानात चार लोकांत त्यांना कोणापुढे हात पसरावा लागत नाही, म्हणजे सासूबाईंची तक्रारही दूर होते. क्रेडिट कार्ड असल्यास बंद करावे, डीमॅट खाते असल्यास बंद करण्याचा किंवा गोठवण्याचा अर्ज द्यावा, आणि भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढण्याची सोय फोनवर उपलब्ध असते हे लक्षात ठेवून त्याचाही मोबाइल क्रमांक व परवलीचा शब्द दोघांना ठाऊक असावा. पतसंस्थेच्या सचिवांना भेटून आपल्या संमतीशिवाय नवे कर्ज देऊ नये अशी विनंती पतींच्याच सहीने द्यावी. सहकाऱ्यांचे जामीन गुंतलेले असतात, त्यामुळे संस्था सहसा ऐकते.

देण्यांची यादी करताना एकही नाव सुटू देऊ नका. लपवलेले एक देणे पुढे सगळी घडी विस्कटते, कारण ते चोरून फेडण्यासाठी पुन्हा चोरून पैसे लागतात. बुकीचे देणे असेल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि त्या रकमेसाठी त्याला दावा लावता येत नाही. खासगी सावकाराकडे परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्यातील सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. कोऱ्या धनादेशावर किंवा मुद्रांकपत्रावर सही दिली असेल तर तेही तक्रारीत लिहावे. ॲपवरच्या कर्जांपैकी बँका व नोंदणीकृत वित्तसंस्थांची कर्जे वेगळी काढा. त्यांच्या वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नातेवाइकांना धमकावण्यासही आहे.

जमीन विकून सर्व देणी एकदम मिटवण्याच्या मी विरोधात आहे. चार वर्षांच्या हप्त्यांनी फिटणारे कर्ज एका दिवसात फिटले, की ज्याने ते केले त्याच्या हातून फेडण्याची संधीच निघून जाते, आणि पतपुरवठ्याची सर्व दारे त्याच्यासाठी पुन्हा उघडतात. दागिने सोडवणे आणि सावकाराचा तगादा थांबवणे एवढ्यापुरती रक्कम उभी करावी. बाकीचे त्यांच्या पगारातून फिटू द्यावे.

सहचारिणी

ताई, सर्वांनी आपल्या पतींविषयी लिहिले, मी आपल्याविषयी लिहिते. माझ्या घरीही पगार माझ्याकडे होता, आणि बँक अधिकारी काकांच्या सूचना उत्तम असल्या तरी त्या सर्वांची राखणदार मीच झाले होते. शाळेत शिकवताना लक्ष फोनकडे, रात्री त्यांचा श्वास कसा चालला आहे याकडे. वर्षभरात माझीच झोप उडाली. हिशेब पाहण्याच्या महिन्याच्या बैठकीत एक तिसरी व्यक्ती असावी असे मला वाटते. आमच्याकडे माझे मोठे दीर बसू लागले तेव्हा पती माझ्याकडे तपासनीस म्हणून पाहायचे थांबले.

जुगारी व्यक्तींच्या कुटुंबीयांचे स्वतंत्र गट असतात हेही जाणून घ्या. १९५७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’ हे जुगार सोडू पाहणाऱ्यांचे परस्पर आधाराचे गट सुरू झाले, त्यांच्या पाठोपाठ कुटुंबीयांसाठी ‘गॅम-ॲनॉन’ निघाले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. आपल्या जिल्ह्यात असा गट नसेल तर पतींच्या केंद्रातील पाठपुराव्याच्या सभेला स्वतः जा आणि तेथे आलेल्या स्त्रियांशी ओळख करून घ्या. आपला स्वतःचा पगार, आपली भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि मुलांच्या नावावरील ठेवी या त्यांच्या कर्जफेडीत घालू नका. भावनेच्या भरात मी घातल्या नाहीत, कारण माझ्या वडिलांनी मला वेळीच अडवले होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘पहाटवारा’ यांचा मजकूर मी काल पतींना वाचायला दिला. पगाराच्या दिवशीच्या धडधडीविषयीचा भाग वाचून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की कार्ड परत मागितले तो दिवस पगाराचाच होता. स्थायी सूचनेचा अर्ज त्यांनी स्वतः भरला आहे. ऑप्शन्सचा विषय त्यांनी अजून पूर्णपणे सोडलेला नाही, पण पुढील सभेत समुपदेशकांसमोर तो मांडण्यास ते तयार झाले आहेत. हिशेबाच्या बैठकीला माझी नणंद येईल, आणि सासूबाईंनीही बसावे अशी माझी इच्छा आहे.

एक शंका राहते. जमीन विकायची नाही असे ठरल्यास ती सुरक्षित राहावी म्हणून बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घ्यावी असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. ते योग्य होईल का?

निवृत्त_बँक_अधिकारी

ताई, घाई करू नये. देणी उभी असताना मालमत्ता पत्नीच्या नावावर केली, तर धनकोंना बुडवण्याच्या हेतूने ती फिरवली असा आक्षेप घेऊन मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते बक्षीसपत्र न्यायालयात रद्द करून घेता येते, आणि तोपर्यंत खर्च व मनस्ताप दोन्ही आपल्याच वाट्याला येतात. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर सासूबाई आणि नणंद यांची नावे आहेत का, त्यांचा हिस्सा किती, हे आधी पाहावे लागेल. सामाईक जमिनीवर वारसांची नावे लागलेली असणे हेच पुष्कळदा पुरेसे संरक्षण ठरते, कारण मग संपूर्ण जमीन एकट्याच्या सहीने विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. तलाठी कार्यालयातून सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढा, वारसांच्या नोंदी राहिल्या असतील तर त्या पूर्ण करून घ्या, आणि बक्षीसपत्राचा विचार सावकाराचे व पतसंस्थेचे देणे मिटल्यानंतर वकिलांच्या सल्ल्याने करा.